काचेच्या पेटीतील समुद्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आई-वडिलांचे बोट धरून तेथे गेलेल्या कित्येक मुलांनी समुद्रातला जिवंत मासा प्रथम तेथेच पाहिला. आपणही त्यांपैकी असाल. गोड्या पाण्यातले मासे पुष्कळ घरांत दिसतात, खाऱ्या पाण्यातले मात्र क्वचित. असे का, हा प्रश्न कधी आपल्या मनात आला आहे काय?

या छंदाची सुरुवात इंग्लंडात झाली. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, आणि शिळ्या पाण्यात प्राणी मरत. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, अशी युक्ती त्यांनी काढली. हे कंटाळवाणे काम त्यांची मोलकरीण करी. (श्रेय मालकिणीला मिळाले, हे सांगायला नकोच.) पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशेवाळ ठेवले आणि मोलकरणीचे हात थोडे मोकळे झाले.

काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. मग काय विचारता! बादल्या घेऊन लोक किनाऱ्यावर लोटले. खडकांतली डबकी ओरबाडून निघाली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ मध्ये आपल्या आठवणींत या उजाड किनाऱ्याबद्दल दुःख व्यक्त केले. त्या सौंदर्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्या वडिलांच्याच पुस्तकाने ते लुटले गेले होते.

आणि घरी नेलेले प्राणी? बहुतेक थोड्याच दिवसांत मेले. कारण कोणाला ठाऊक नव्हते. मासा अमोनिया बाहेर टाकतो, आणि बंद पेटीत तोच त्याचे विष ठरतो. काही सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. शास्त्रज्ञांना हे जीवाणू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले, पण छंद करणाऱ्यांच्या घरापर्यंत ते ज्ञान पोचायला आणखी अर्धे शतक लागले. तोवर पेटी घासूनपुसून लख्ख ठेवणारा गृहस्थ आपल्या माशांच्या रक्षकांनाच धुऊन टाकीत असे!

१९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी वेगळाच मार्ग मांडला. समुद्रातला जिवंत खडक त्यावरील जीवजंतूंसह पेटीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, बस्स. त्याच दशकात पाण्यात विरघळवायचे तयार समुद्री मीठ विकले जाऊ लागले, आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यालाही हा छंद जमू लागला. पुढे जर्मनीत फेसाबरोबर घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राची व जिवंत खडकाची जोड घालून प्रवाळही घरात वाढवता येऊ लागले.

मात्र मागणी वाढली तशी लूटही वाढली. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारले गेले. मासा हाती लागे, पण प्रवाळ मरे. गॉस यांच्या काळातील बादलीपेक्षा हे कितीतरी भयंकर. आपल्या देशात २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हा सहलीला गेल्यावर मुलाने हौसेने उचललेला प्रवाळाचा तुकडा घरी आणू देऊ नका.

शोभेचे बहुतेक समुद्री मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात. ते आपली अंडी मोकळ्या पाण्यात सोडतात, पिल्ले इतकी बारीक असतात की त्यांच्या तोंडात मावेल असे खाद्य मिळणे कठीण. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा मात्र खडकावर अंडी चिकटवतो, नर त्यांची राखण करतो आणि पिल्ले जरा मोठी निघतात. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत या माशाची पैदास व्यापारी प्रमाणावर होऊ लागली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र बसवले आहे.