हमी, जोखीम आणि अनुशेष : नांदेड-लातूर परिसरातील दळणवळणाच्या अर्थकारणाचा इतिहास

लातूर जिल्ह्यात ‘लातूर रोड’ नावाचे एक स्थानक आहे. ते लातूर शहरात नसून शहरापासून दूर, चाकूर तालुक्यात आहे. त्याचप्रमाणे कुर्डुवाडी येथील स्थानक एके काळी ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखले जाई. ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लागतो, ते गाव लोहमार्गाच्या आखणीत बाजूस पडले, असाच त्याचा बहुधा अर्थ असतो. गाव बाजूस का पडले, याचे उत्तर भूगोलापेक्षा अर्थकारणात अधिक सापडते. मार्ग कोणी आखला, भांडवल कोणी पुरविले आणि तोटा आल्यास तो कोणाच्या माथी बसणार होता, हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवून नांदेड व लातूर या दोन नगरांच्या दळणवळणाचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा पहिला लोहमार्ग वाडी ते हैदराबाद हा होय. तो 1874 साली खुला झाला. सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीस या मार्गाची निकड होती. खर्चाचा भार मात्र निझामाच्या खजिन्याने उचलला. 1883 साली या मार्गाच्या विस्तारासाठी लंडनमध्ये ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलावर निझाम सरकारने वीस वर्षांपर्यंत शेकडा 5 व्याजाची हमी दिली. हमीचा व्यवहार समजण्यास सोपा आहे. मार्गाचे निव्वळ उत्पन्न ठरलेल्या व्याजापेक्षा कमी पडले, तर ती तूट सरकारने भरून काढावयाची. म्हणजे भांडवल भागधारकांचे, व्यवस्था कंपनीची आणि जोखीम सारा भरणाऱ्या रयतेची, अशी ही वाटणी होती.

या वाटणीस संस्थानात विरोध झालाच नाही, असे मात्र नाही. त्याच वर्षी चांद्याच्या दिशेने लोहमार्ग वाढविण्याच्या योजनेवरून हैदराबादेत चळवळ उभी राहिली. योजनेच्या अटी प्रजेसमोर मांडाव्यात, ही तिची प्रमुख मागणी होती. लोहमार्गास तत्त्वतः विरोध करणे हा तिचा रोख नव्हता. चळवळीतील अग्रणी अघोरनाथ चट्टोपाध्याय यांस संस्थानाबाहेर घालविण्यात आले आणि करार पुढे गेला. दक्षिणेतील सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात ही घटना राजकीय जागृतीचा आरंभ म्हणून नोंदली जाते. परंतु सार्वजनिक अर्थकारणाच्या अभ्यासकासही ती तितकीच महत्त्वाची आहे. कारण ज्याच्या पैशातून हमी द्यावयाची, त्यास हमीच्या अटी कळल्या पाहिजेत, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडले गेले.

नांदेडला लोहमार्ग मिळाला तो याच कंपनीमार्फत. मनमाड ते हैदराबाद असा 391 मैलांचा ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली’ मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. खर्चाच्या दृष्टीने स्वस्त म्हणून तो मीटरमापी ठेवण्यात आला. औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड ही नगरे त्यावर आली. 1899-1900 चा भीषण दुष्काळ नेमका याच वर्षांतला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे धान्याच्या वाहतुकीसाठी या मार्गाचे मोल किती होते, हे ध्यानी येते. तेव्हा हमीची पद्धती सर्वस्वी त्याज्य होती, असे म्हणता येणार नाही. केवळ नफ्याकडे पाहणाऱ्या भांडवलाने एवढा लांब मार्ग या मुलखातून स्वतःच्या जोखमीवर काढला असता, असे मानण्यास फारसा आधार नाही.

लातूरचा अनुभव याच्या उलट आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने 1895 साली ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी स्थापन केली. अडीच फूट मापाचा तिचा पहिला मार्ग 1897 साली बार्शी रोड ते बार्शी असा सुरू झाला आणि 1911 साली तो निझामाच्या राज्यातील लातूरपर्यंत पोचला. या कंपनीच्या मागे निझाम कंपनीसारखी व्याजाची हमी नव्हती. त्यामुळे खर्च कमी ठेवणे आणि जेथे माल असेल तेथेच जाणे तिला भाग होते. बाजारपेठ शोधत आलेला हा मार्ग लातूरच्या बाजारपेठेत येऊन पोचला खरा; परंतु पुढे नांदेडकडे जाण्यास लागणारे भांडवल व प्रयोजन अशा कंपनीपाशी असणे शक्य नव्हते. 1930 च्या सुमारास विकाराबादहून बीदर, उदगीर या बाजूने परळीकडे रुंदमापी मार्ग आला, तोही लातूर शहरास बाजूस ठेवून. परिणामी एकाच प्रदेशात तीन मापांचे लोहमार्ग झाले. नांदेडहून लातूरच्या बाजूस माल न्यावयाचा, तर परळीस डबा बदलणे अटळ होते.

1930 साली निझाम सरकारने कंपनीचा सर्व मार्ग विकत घेतला आणि 1932 साली लोहमार्ग खात्याच्याच अंतर्गत 27 गाड्यांनिशी मोटारवाहतूक विभाग सुरू केला. लोहमार्ग व सडक एकाच मालकाकडे, एकाच हिशेबात आणणारा हा प्रयोग होता. रूळ जेथे पोचणार नाहीत तेथे बस पोचवावी आणि एकाने दुसऱ्याचे उत्पन्न खाऊ नये, हे त्यामागील सूत्र. राज्यकारभार लोकनियंत्रित नसला, तरी नियोजनाच्या दृष्टीने ही एकसूत्रता उल्लेखनीय होती.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ही एकसूत्रता संपली. 1950-51 मध्ये लोहमार्ग केंद्राच्या अखत्यारीत गेले, तर सडक वाहतूक राज्याकडे राहिली. बार्शी लाइट रेल्वे 1954 साली केंद्राने विकत घेतली. 1961 साली मराठवाड्याची बसवाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली. 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचे आश्वासन होते. परंतु ते राज्याच्या तिजोरीपुरते. रूळ त्या तिजोरीच्या बाहेर होते.

याच मर्यादेचे प्रतिबिंब पुढे वि. म. दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालात पडलेले दिसते. राज्याची सरासरी हे माप धरून, त्याखाली असलेल्या जिल्ह्यांची उणीव रुपयांत मांडण्याची पद्धत समितीने घालून दिली. एकूण 3186.78 कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी मराठवाड्याचा वाटा 750.85 कोटी रुपये ठरला. रस्ते या गणनेत आले, लोहमार्ग आले नाहीत. कारण तो राज्याचा विषय नव्हे. समितीच्या कक्षेचा विचार करता हे सुसंगतच होते. तथापि, त्याचा परिणाम असा झाला, की ज्या उणिवेची जाणीव या भागात सर्वांत तीव्र होती, तीच अनुशेषाच्या कोष्टकाबाहेर राहिली. मीटरमापी नांदेड 1990 नंतरच्या दशकात रुंदमापी झाले. लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रूपांतर 2008 साली पुरे झाले. नांदेड व लातूर यांना थेट जोडणारा लोहमार्ग मात्र झालेला नाही.

अलीकडच्या काळात नव्या मार्गांच्या खर्चात राज्याने वाटा उचलण्याची प्रथा रूढ झाली आहे. 2008-09 मध्ये मंजूर झालेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा 40 टक्के भार राज्याने घ्यावयाचा, असे ठरले. हमी आणि वाटा यांत भेद आहे. हमीत तूट आल्यास पैसा द्यावयाचा असतो, वाट्यात तो आधीच द्यावा लागतो. शिवाय आजचा खर्च विधिमंडळाच्या संमतीने होतो, 1883 चा तसा नव्हता. तरीही एक साम्य उरते. मार्गाची मालकी, आखणी व व्यवस्था एकाकडे, आणि प्रदेशाच्या वतीने पैसा भरणारा दुसरा. अशा वेळी राज्याचा हा वाटा कोणत्या निकषावर ठरला, त्यामुळे रस्त्यांसाठी किती उरले आणि उशीर झाल्यास वाढलेला खर्च कोणी सोसावयाचा, हे उघडपणे मांडले जाणे अगत्याचे ठरते.

सारांश, भांडवल सरकारी की खाजगी, एवढ्या एका प्रश्नाने या प्रदेशाचा इतिहास उलगडत नाही. हमीने नांदेडला हमरस्त्यावर आणले, जोखमीने लातूरला बाजारपेठेशी जोडले. दोहोंनीही ही दोन नगरे परस्परांशी जोडली नाहीत, कारण तो हिशेब मांडणे कोणाचेच काम नव्हते. 1883 साली हैदराबादेतील नागरिकांनी अटी उघड करण्याची जी मागणी केली, ती म्हणूनच केवळ इतिहासजमा मानता येत नाही. रस्ते व लोहमार्ग यांचा एकत्र ताळेबंद प्रदेशाच्या पातळीवर मांडला जाईल, तेव्हाच त्या मागणीचे खरे उत्तर मिळेल.