पावणेआठ फूट आणि वर पाव इंच

रबाळ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आहेत आणि आता आयटी कंपन्याही. अशा कचेऱ्यांच्या करमणुकीच्या खोलीत कॅरमच्या जोडीला कधी डार्टबोर्ड दिसतो. बोर्ड हौसेने लावतात. फेकायची रेघ मात्र अंदाजाने, टेप चिकटवून. मला ती रेघ बोर्डाइतकीच मोलाची वाटते.

डार्ट्स वाढला इंग्लंडच्या पबांत, आणि तिथे जशी जागा तशी रेघ. कुठे साडेसात फूट, कुठे आठ, कुठे नऊसुद्धा. या रेघेला आज ‘ऑकी’ म्हणतात. जुन्या नियमांत ती ‘हॉकी’ होती. त्यावरून एक गोष्ट रुजली: हॉकी अँड सन्स नावाची बिअर कंपनी होती, तिचे तीन-तीन फुटी खोके टोकाला टोक लावून तीन मांडले की नऊ फूट अंतर ठरे. गोष्ट गोड आहे, पण शोधणाऱ्यांना अशा कंपनीचा पुरावा सापडलेला नाही. खरा इतिहास मला त्याहून आवडतो, कारण तो भांडणाऱ्या माणसांनी एकत्र बसून केलेल्या तडजोडीचा आहे.

‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राची प्रतिष्ठेची स्पर्धा आठ फुटांवरून खेळली जाई, इतर बऱ्याच ठिकाणी साडेसात फूट चाले. एका अंतरावर हात बसलेला खेळाडू दुसरीकडे गेला की बाण खाली लागे नाहीतर वर. 1970च्या दशकात आंतरराष्ट्रीय सामने वाढले आणि एकच रेघ हवी झाली. ठरलं 7 फूट सव्वानऊ इंच, म्हणजे 2.37 मीटर. साडेसात आणि आठ यांचा बरोबर मध्य पावणेआठ. वरचा पाव इंच मीटरचा आकडा पूर्ण करताना आला असावा, असा माझा हिशेब. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बांधलं, तसंच हे काम.

पाऊल रेघेच्या मागे हवं. अंग मात्र हवं तेवढं पुढे झुकवता येतं, म्हणून उंच खेळाडूला थोडा फायदा मिळतोच. चाकाच्या खुर्चीतून खेळणाऱ्यांसाठी बोर्डाचा मध्य 1.73 मीटरऐवजी 1.37 मीटर उंचीवर आणतात. रेघ तिथेच राहते. नियम करणाऱ्यांचा हा निर्णय मला फार न्याय्य वाटतो: फेक तेवढीच लांब, नजर बोर्डासमोर.

मोजताना नेहमीची चूक होते ती भिंतीपासून मोजण्याची. बोर्डाची जाडी सुमारे चार सेंटिमीटर असते, त्यामुळे रेघ तेवढी जवळ येते. बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी आणि तिथून मोजावं. मग मध्यबिंदूपासून रेघेपर्यंत तिरकी टेप धरून पाहावी: 2.93 मीटर भरलं पाहिजे. प्लॅस्टिकच्या टोकाचे बाण आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल, तर अंतर 2.44 मीटर, म्हणजे पूर्ण आठ फूट.