दाराशी उभा राहिलेला मारेकरी

दारावर थाप पडते. घरधनी दार उघडतो, तो समोर हाती शस्त्र घेतलेला एक इसम उभा. ‘तुझा मित्र आत आहे काय?’ असे तो विचारतो. मित्र घटकाभरापूर्वीच धापा टाकीत आलेला असून माजघरात लपलेला आहे. ‘होय’ म्हणावे तर मित्राचा प्राण जातो. ‘नाही’ म्हणावे तर असत्य भाषण घडते. संसारी मनुष्यास ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास क्षणाचाही विलंब लागणार नाही. परंतु इ. स. १७९७ मध्ये युरोपातील एका थोर तत्त्वज्ञाने असा निर्णय दिला की, ह्या प्रसंगीही खोटे बोलण्याचा अधिकार मनुष्यास नाही. हा तत्त्वज्ञ म्हणजे कोनिग्सबर्गचा इमॅन्युएल कांट. त्याचे वय त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्याच्या ह्या निर्णयाने त्याचे अनुयायीदेखील संकोचले आणि विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. तथापि हा वाद कोणत्या परिस्थितीत निघाला हे ध्यानात घेतल्यावाचून कांटला वेडगळ ठरविणे न्यायाचे होणार नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेत बसून रचलेला नव्हता. फ्रान्समध्ये १७९३ व १७९४ ह्या दोन वर्षांत दहशतीचे राज्य चालू असता तो शेकडो घरांच्या उंबरठ्यावर प्रत्यक्ष येऊन उभा राहिला होता. कोंदोर्से ह्या गणितज्ञाचे व समाजचिंतकाचेच उदाहरण घ्यावे. राज्यक्रांतीचा तो कैवारी. परंतु देहदंडाचा विरोधक असल्यामुळे राजाला ठार मारण्याच्या बाजूने त्याने मत दिले नाही, आणि पुढे जॅकोबिन पक्षाने केलेल्या राज्यघटनेवर त्याने उघड टीका केली. जुलै १७९३ मध्ये त्याला पकडण्याचा हुकूम सुटला. मादाम व्हेर्ने नावाच्या एका विधवेने त्याला पॅरिसमधील आपल्या घरी आश्रय दिला. ही बाई घरात भाडेकरू ठेवून चरितार्थ चालवीत असे. कोंदोर्सेशी तिचा पूर्वीचा कसलाही संबंध नव्हता. पुढे कोंदोर्से कायद्याच्या संरक्षणाबाहेरचा म्हणून जाहीर झाला. अशा माणसास थारा देणाऱ्याची मानही सुरक्षित नव्हती. आपल्यामुळे ह्या बाईवर संकट येईल म्हणून त्याने निघून जाण्याची भाषा काढली. पण ती त्याला जाऊ देईना. अखेर मार्च १७९४ मध्ये तिची नजर चुकवून तो बाहेर पडला. ज्या जुन्या स्नेह्यांवर त्याने भिस्त ठेवली होती त्यांनी त्याला ठेवून घेतले नाही. दोन दिवसांनी तो पकडला गेला. त्या वेळी त्याने आपले खोटे नाव सांगितले होते. परंतु त्याचा उपयोग झाला नाही. थोड्याच अवकाशात कोठडीत त्याचे प्रेत आढळले.

अशा घटना ज्यांच्या स्मरणात ताज्या होत्या, त्या फ्रेंच वाचकांसाठी १७९७ मध्ये बेंजामिन कॉन्स्टंट ह्या तरुण लेखकाने राजकीय प्रतिक्रियांवर एक पुस्तिका लिहिली. कॉन्स्टंटचा जन्म १७६७ चा, लोझानचा. दहशतीचा अंमल संपल्यानंतर तो पॅरिसला आला होता. त्या वेळी फ्रान्समध्ये असे बोलले जाई की, तत्त्वांच्या नादी लागूनच देशात रक्ताचे पाट वाहिले. आता तत्त्वे पुरेत, व्यवहार पाहू. कॉन्स्टंटला हे मान्य नव्हते. त्याचे म्हणणे असे की, दोष तत्त्वांचा नसून ती हवेत अधांतरी सोडण्याचा आहे. व्यापक तत्त्व आणि प्रत्यक्ष प्रसंग ह्यांच्या दरम्यान मधली तत्त्वे हवीत. सत्य बोलणे हे कर्तव्य खरे; पण ते एकटेच, निरपवाद म्हणून घेतले तर समाजच अशक्य होईल. ह्याचे उदाहरण म्हणून त्याने मारेकऱ्याचा हा प्रसंग दिला आणि एका जर्मन तत्त्वज्ञाचे असे मत आहे असे, नाव न घेता, लिहिले. मग त्याने मधले तत्त्व सुचविले: जेथे एकाचा हक्क तेथेच दुसऱ्याचे कर्तव्य. ज्या सत्याने दुसऱ्याचा घात होतो, त्या सत्यावर कोणाचाही हक्क नाही. म्हणून मारेकऱ्यास सत्य सांगण्याचे कर्तव्यही नाही.

ह्या पुस्तिकेचे जर्मन भाषांतर झाले, तेव्हा तो तत्त्वज्ञ म्हणजे कांटच होय असा खुलासा प्रसिद्ध झाला. कांटने तो नाकारला नाही. असे आपण कोठे लिहिले ते आता आठवत नाही, पण मत आपलेच आहे, असे त्याने कबूल केले, आणि सप्टेंबर १७९७ मध्ये बर्लिनच्या एका नियतकालिकात छोटासा लेख लिहून उत्तर दिले.

ते उत्तर समजण्यासाठी कांटच्या नीतिविचाराचे सूत्र ध्यानी धरले पाहिजे. कृत्याचे बरेवाईटपण त्याच्या फळावरून ठरत नाही, कर्ता ज्या नियमाने वागतो त्या नियमावरून ठरते, हे ते सूत्र होय. १७८५ च्या आपल्या ग्रंथात त्याने पैशाची नड असलेल्या माणसाचे उदाहरण दिले आहे. परतफेड होणार नाही हे पक्के ठाऊक असून तो ‘अमुक दिवशी पैसे देतो’ असे वचन देतो. सगळ्यांनीच असा नियम केला तर काय होईल? वचन ह्या वस्तूलाच किंमत उरणार नाही. कोणी कोणाला कर्ज देणार नाही. म्हणजे खोटे वचन देणारा इतरांच्या खरेपणावरच जगत असतो. सर्वांनी पाळावयाच्या नियमातून तो स्वतःपुरती पळवाट काढतो. शिवाय समोरच्या मनुष्याला तो केवळ साधन म्हणून वापरतो. हे दोन्ही कांटच्या मते अधर्म होत.

कॉन्स्टंटला उत्तर देताना हाच विचार त्याने पुढे नेला. सत्यावर कोणाचा हक्क आहे की नाही, हा प्रश्नच त्याला निरर्थक वाटतो. सत्य ही काही मालमत्ता नव्हे की जिच्यावर एकाचा हक्क असावा व दुसऱ्याचा नसावा. मारेकऱ्याशी खोटे बोलल्याने मारेकऱ्यावर अन्याय होत नाही, हे कांटही मान्य करतो. अन्याय होतो तो मानवजातीवर; कारण शब्दावरचा विश्वास हा सर्व करारांचा, पर्यायाने सर्व कायद्याचा पाया आहे. नंतर तो फळाकडे पाहणाऱ्यांना त्यांच्याच शस्त्राने गाठतो. समजा, घरधन्याने ‘मित्र आत नाही’ असे सांगितले, आणि मित्र तेवढ्यात मागील दाराने निसटून गेलेला होता. मारेकरी परत फिरला, वाटेत त्याला मित्र भेटला व त्याने त्याचा जीव घेतला. त्या मृत्यूचा दोष खोटे बोलणाराकडे येतो. उलट तो खरे बोलला असता, तर मारेकरी घर धुंडाळीत असता शेजारी धावून आले असते आणि कदाचित अनर्थ टळला असता. फळ मनुष्याच्या हाती नाही. स्वतःचा शब्द मात्र आहे.

हा युक्तिवाद सूक्ष्म आहे. पण तो मनाला पटतो असे म्हणता येत नाही. मित्र मागील दाराने निसटलेला असणे हा योगायोग. तो माजघरात असणे हे घरधन्याचे निश्चित ज्ञान. दोन्हींना एकाच तराजूत घालणे हा न्याय नव्हे. तथापि कांटच्या लेखातील एक अट बहुधा दृष्टीआड होते. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे ज्याला टाळताच येत नाही अशाच मनुष्याविषयी तो बोलत आहे. मारेकऱ्याला मित्राचा ठावठिकाणा सांगितला पाहिजे असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. गप्प राहणे, दार लावून घेणे, आरडाओरडा करून शेजार जागा करणे, प्रसंगी अंगावर घाव झेलणे, हे सर्व मार्ग मोकळे आहेत.

मौन आणि असत्य ह्यांतील ही रेषा कांटच्या स्वतःच्या आयुष्यातही येऊन गेली होती. त्याच्या धर्मविषयक ग्रंथामुळे प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म ह्याची त्याच्यावर इतराजी झाली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याला सक्त ताकीद मिळाली. कांटने आपली मते मागे घेतली नाहीत; परंतु ‘महाराजांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन’ ह्या नात्याने धर्मविषयावर व्याख्यान किंवा लेखन करणार नाही, असे त्याने लिहून दिले. नोव्हेंबर १७९७ मध्ये राजा मरण पावला. पुढील वर्षी कांटने जाहीर केले की, ते शब्द आपण हेतुपुरस्सर निवडले होते. ते वचन त्या राजाच्या हयातीपुरतेच होते. मनात असेल त्याविरुद्ध बोलणे नीचपणाचे. पण मनातील सर्वच उघड करणे बंधनकारक नाही, अशी त्याची धारणा होती. राजाची समजूत त्या शब्दांनी काय झाली असेल, हे सांगावयास नको. असत्याला रेसभरही जागा न देणारा हा पुरुष शब्दाच्या काठाकाठाने कसा चालला, हे पाहण्यासारखे आहे.

भारतीय वाचकास ह्या ठिकाणी महाभारतातील कौशिकाची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. सत्यव्रती म्हणून नावाजलेला हा ब्राह्मण. चोरांच्या भयाने पळणारे लोक कोणत्या वाटेने गेले, असे चोरांनी विचारताच त्याने खरी वाट दाखविली. ते लोक मारले गेले, आणि सत्य बोलूनही कौशिक नरकात गेला. कर्णपर्वात श्रीकृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो, तीही तो केवळ प्रतिज्ञेखातर धर्मराजावर शस्त्र उचलीत असता. न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये, येथपर्यंत श्रीकृष्ण आणि कांट बरोबर चालतात. पण बोलणेच भाग पडले आणि गप्प राहिल्याने संशय येत असेल, तर असत्यच श्रेयस्कर, असे म्हणून श्रीकृष्ण वेगळ्या वाटेने जातो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणी ह्याच पेचाचा ऊहापोह केला आहे. परंतु महाभारत तेवढ्यावर थांबत नाही. द्रोणवधाच्या वेळी युधिष्ठिराने अर्धसत्य उच्चारताच, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. निकड कितीही असो, असत्याची नोंद झाल्यावाचून राहिली नाही.

ह्या रथाचे मर्म पाश्चात्य नीतिशास्त्रात डब्ल्यू. डी. रॉस ह्या ऑक्सफर्डच्या पंडिताने १९३० मध्ये निराळ्या भाषेत मांडले. मनुष्यावर एकच नव्हे, अनेक कर्तव्ये असतात: वचन पाळण्याचे, कृतज्ञतेचे, इजा न करण्याचे. त्यांचा विरोध आला म्हणजे जे अधिक भारी ते पाळावयाचे. पण जे मागे पडले ते नाहीसे होत नाही. ते मनाला टोचणी लावते आणि भरपाई मागते. कांटला जो कडा वाटला, तेथे रॉसला चढण दिसली.

कर्तव्यनीतीची खरी कसोटी मात्र पुस्तकात लागली नाही. दुसऱ्या महायुद्धात तो मारेकरी युरोपभर दारोदार फिरू लागला. फ्रान्समधील ल शाँबाँ ह्या डोंगराळ गावातील प्रॉटेस्टंट लोकांनी आपल्या घरांतून, शाळांतून व मळ्यांतून ज्यू निर्वासितांना लपविले. आंद्रे त्रोक्मे हा तेथील धर्मोपदेशक. गावातील ज्यूंची यादी मागितली गेली, तेव्हा आम्ही ज्यू ओळखीत नाही, केवळ माणसे ओळखतो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. निर्वासितांसाठी गावात बनावट ओळखपत्रे तयार होत. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे व त्याचा सहकारी एदुआर तेस ह्यांस अटक झाली. सरकारी आज्ञा पाळू अशा कागदावर सही केल्यास सुटका होणार होती. दोघांनीही सही नाकारली. पुढे ते सुटले, पण सही न करताच. दुसऱ्याचा प्राण वाचविण्यासाठी ज्या गावाने खोटे कागद केले, त्याच गावच्या ह्या दोघांनी स्वतःच्या सुटकेसाठी एक खोटी सही केली नाही. १९९० मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ह्या गावाचा सन्मान केला.

ह्याच्या अगदी उलट चित्र १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायासनासमोर दिसले. लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था पाहणारा अ‍ॅडॉल्फ आइकमन तेथे म्हणाला की, आपण कांटच्या कर्तव्यनियमाने वागत आलो. वरिष्ठांची आज्ञा म्हणजेच कर्तव्य, असा त्याने त्याचा अर्थ केला. परंतु कांटच्या नियमाचा जीवच असा की, तो नियम मनुष्याने स्वतःच्या बुद्धीने स्वतःला घालून घ्यावयाचा असतो, आणि त्यात कोणाही माणसाला निव्वळ साधन करावयाचे नसते. आज्ञापालन आणि कर्तव्य ह्यांतील हे अंतर ज्याने पुसले, त्याने कांटचे फक्त नाव घेतले.

तेव्हा १७९७ च्या त्या वादात जिंकले कोण? दारातील मारेकऱ्यापुरता निर्णय बहुतेक सज्जनांनी कॉन्स्टंटच्या व श्रीकृष्णाच्या बाजूने दिला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कांटचा इशारा त्यामुळे फुकट जात नाही. मारेकऱ्यासाठी काढलेली सवड मनुष्य हळूहळू सावकारासाठी, गिऱ्हाइकासाठी, मतदारासाठी आणि अखेर घरच्या माणसांसाठीही वापरू लागतो, आणि प्रत्येक वेळी दारात मारेकरीच उभा आहे अशी स्वतःची समजूत घालतो. आपण खोटे बोललो ते कोणाचा जीव राखण्यासाठी, हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला आणि ज्याला त्याचे उत्तर देताना मान खाली घालावी लागली नाही, त्याचा रथ भूमीला टेकला तरी चालेल. ल शाँबाँच्या माणसांना तो प्रश्न ठाऊक होता. म्हणूनच कोणता कागद खोटा करावयाचा आणि कोणत्या कागदाला हात लावावयाचा नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.