गावाचं ‘पण’

पुणे जिल्ह्यात लोणी एक नाही. लोणी काळभोर, लोणी कंद आणि बारामती तालुक्यातलं लोणी भापकर. पुढचा शब्द लागला की कुठलं लोणी ते कळतं. पण कोणत्याही लोणीत ‘गावाचं गावपण गेलं’ असं कुणी म्हणालं, तर काय गेलं ते शेवटची दोन अक्षरं सांगतात: ‘पण’.

हा प्रत्यय आला कुठून? ऋग्वेदात मैत्रीसाठी ‘सखित्वन’ असा शब्द येतो. पुढच्या संस्कृतनं ‘त्व’ ठेवला, ‘त्वन’ सोडून दिला. लोकांच्या तोंडून मात्र तो गेला नाही. प्राकृतात त्याचा ‘त्तण’ झाला, अपभ्रंशात ‘प्पण’. 12व्या शतकात हेमचंद्रानं व्याकरणात ‘वड्डप्पण’ नोंदवलं. आपलं ‘मोठेपण’ त्याच घडणीचं.

इंग्रजी आणि जर्मन यांची आई म्हणजे आद्य जर्मानिक. ती तर लेकींच्या तुलनेतूनच पुन्हा उभी करावी लागते. त्यातून कळतं, की ‘फ्रीडम’मधला ‘डम’ एके काळी ‘निवाडा’ अशा अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. आपल्या ‘पण’च्या मधल्या पायऱ्या मात्र लिहिलेल्या सापडतात.

म्हणून मराठी म्हणजे बिघडलेलं संस्कृत, असं कुणी हिणवलं तर ‘पण’ आठवा. पंडितांच्या भाषेनं जे टाकलं, ते बोलणाऱ्यांनी सांभाळलं. आणि ते अजून जिवंत आहे: तुम्ही मित्राला ‘तुझा कूलपणा पुरे’ म्हणता, तेव्हा त्या परक्या शब्दालाही तोच जुना प्रत्यय लावता.