निकाल वाढला, पण कशामुळे?

परवा एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. नव्या पद्धतीमुळे नववीचा गणिताचा निकाल वाढला, असा मोठा फलक लावलेला. मी सहज विचारलं, "ज्या तुकडीत ही पद्धत नव्हती, तिचा किती वाढला?" सगळे गप्प. दोष त्यांना काय देऊ? हायस्कूलला गणित शिकवताना मीही असे दावे केलेत.

पण हा प्रश्न आपल्याच मुंबईत नीट विचारला गेला होता. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत तपासला गेला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. तपासणाऱ्यांत होते अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो. २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा बॅनर्जींची आई मराठी म्हणून आपण पोस्टी टाकल्या, त्यांनी मोजलं काय ते फार थोड्यांनी वाचलं.

युक्ती साधी होती. बालसखी कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. वर्षभरात मुलं तशीही थोडं शिकतातच. तेवढं वजा करून जे उरेल, तोच उपक्रमाचा गुण.

दुसऱ्या वर्षी बालसखीमुळे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, तिथे गणिताचे ०.४७ ने. म्हणजे संगणक जिंकला? थांबा. बालसखीचा खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, संगणकाचा पंधरा. शिवाय मूळ वर्गात उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांना काही फरक पडला नाही. आणि उपक्रम संपल्यावर वर्षभराने मोजलं, तर दोन्हींचा फायदा ०.१ च्या आसपास ओसरला होता.

हा शेवटचा आकडाही त्यांनी लपवला नाही, छापला. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

ही मुलं प्राथमिकची होती, पण तिथे राहिलेला भागाकार पुढे आमच्या आठवी-नववीत येऊन अडतो. म्हणून पालकहो, शाळेत नवा टॅब, नवी पद्धत आली की तीनच गोष्टी विचारा: तुलना कुणाशी केली? खर्च किती? वर्षभराने किती टिकलं?

विचारायला पैसे पडत नाहीत.