गंधर्व मंडळीचा ठेका

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली, तेव्हा बालगंधर्वांचा रंगभूमीवरील वैभवकाळ केव्हाच सरला होता. त्या कारखान्याच्या निमित्ताने छत्तीसगडात येऊन स्थायिक झालेल्या, आज नेहरू नगरसारख्या वसाहतींतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांना बालगंधर्व भेटतात ते ध्वनिमुद्रिकेतच. पुण्या-मुंबईच्या आजच्या रसिकाचीही स्थिती याहून निराळी नाही. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी किंवा 'एकच प्याला'मधील सिंधू रंगमंचावर पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. म्हणून गंधर्व नाटक मंडळीचा इतिहास पुन्हा तपासावयाचा तर त्या जुन्या मुद्रिकांकडेच वळावे लागते. मात्र त्या मुद्रिका ऐकताना सर्वांचे लक्ष गाणाऱ्या कंठाकडे लागते. त्या कंठाच्या खाली, थोडासा दबून, एक तबला वाजत असतो. त्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ साली त्याच मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले आणि गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या चालींनी मराठी नाट्यसंगीताला नवे वळण लागले. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या; त्यांतील अनेक ख्यालाच्या चिजांवर बेतलेल्या होत्या. पुढे १९१९ मध्ये 'एकच प्याला' आणि १९२० मध्ये 'द्रौपदी' ही नाटके आली. ही सगळी नावे नाट्येतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आढळतात. परंतु या बदलाचा एक परिणाम असा झाला की, नाटकाच्या पदाला पूर्वी जो साधा ताल पुरेसा होता तो आता पुरेनासा झाला. ख्यालाच्या अंगाची चीज गावयाची म्हटल्यावर तिला ख्यालाच्या मैफलीत शोभेल असा तबला हवा. नाटक मंडळीला केवळ ठोके देणारा वादक नको होता. उस्ताद हवा होता.

तो उस्ताद मंडळीला मिळाला अहमदजान थिरकवा यांच्या रूपाने. मुरादाबादेत जन्मलेल्या अहमदजानांनी मुंबईत मुनीरखाँ यांच्याकडे दीर्घकाळ तालीम घेतली. त्यांची बोटे तबल्यावर थिरकतात, म्हणून 'थिरकवा' हे नाव पडले आणि तेच पुढे कायम झाले. फरुखाबाद परंपरेचा बाज त्यांचा मुख्य. पण दिल्लीचे कायदेही ते तितक्याच सहजतेने वाजवीत. असा वादक एखाद्या संस्थानिकाच्या दरबारी असावयाचा. तो अनेक वर्षे एका मराठी नाटक मंडळीत राहिला, तिच्याबरोबर गावोगाव हिंडला. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा अशी साथ घेऊन बालगंधर्व गात असत. उत्तर हिंदुस्थानातील घराण्यांचे हे दोन कलावंत मराठी संसाराच्या कथांना साथ करीत, ही त्या काळाच्या सांस्कृतिक जीवनातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

नाटकातील साथ ही मैफलीतील साथीहून अवघड असते. मैफलीत गवई आणि तबलजी समोरासमोर, हाताच्या अंतरावर बसलेले असतात; डोळ्यांच्या इशाऱ्याने काम भागते. नाटकात गाणारा नट हिंडतो, वळतो, दुसऱ्या पात्राकडे पाहतो, शब्दावर रेंगाळतो. बालगंधर्वांच्या गाण्यातील मोठे वैशिष्ट्य हेच की, ते शब्द लयीवर नुसता ठेवीत नसत. तो लयीच्या किंचित मागे किंवा पुढे खेळवीत आणि समेवर अचूक आणून सोडीत. या खेळाला एक अट आहे. ज्या लयीशी खेळावयाचे ती लय स्वतः ढळता कामा नये. ठेका भिंतीसारखा उभा असेल तरच तिच्यावर वेल चढते. तिथे तबलजीने आपली विद्या दाखविण्याचा मोह धरला, तर वेलही पडेल आणि भिंतही. म्हणून पेशकार, कायदे, रेले आणि गती यांचा भांडार ज्याच्यापाशी होता, त्या कलावंताने घटकान् घटका केवळ त्रिताल, एकताल, दादरा किंवा धुमाळीचा ठेका धरून बसावयाचे होते. पदाच्या अखेरीस जागा मिळाली तर लग्गीचे चार बोल वाजवावयाचे आणि पुन्हा ठेक्यावर यावयाचे. या संयमात थिरकव्यांचे मोठेपण जितके दिसते, तितके त्यांच्या स्वतंत्र वादनातही दिसत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या साऱ्यातून ध्वनिमुद्रिकेवर किती उतरले, ते पाहू. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गायसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांच्यासारख्या गायिकांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. आरंभी त्या मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ पासून कलकत्त्यासच त्यांचा कारखाना सुरू झाला. त्या काळच्या यंत्रात वीज नव्हती. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्या आवाजाच्या दाबाने पडदा हले, पडद्याला जोडलेली सुई हले आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. कर्ण्याजवळची जागा गायकाची. साथीदार त्याच्या मागे किंवा बाजूला, काही अंतरावर. तबल्याचा जोरकस आघात सुईला धक्का देई, म्हणून तबला दूर ठेवावा लागे. आणि दूर ठेवला की त्याचा नाद कर्ण्यापर्यंत पोहोचत नसे. त्यातही डग्ग्याचे हाल अधिक. तो खर्जातला घुमारा त्या यंत्राच्या पकडीबाहेरचा होता. दायाची चाट ऐकू येते, डग्ग्याची मींड जवळजवळ नाहीशी होते. १९२५ च्या सुमारास पाश्चात्य देशांत विजेवर चालणारा ध्वनिग्राहक मुद्रणासाठी आला आणि पुढे हिंदुस्थानातही त्याचा वापर सुरू झाला. तेव्हा कोठे डग्ग्याला थोडी वाचा फुटली. म्हणजे ज्या वर्षांत गंधर्व मंडळी ऐश्वर्याच्या शिखरावर होती, त्यांपैकी पहिली बरीच वर्षे तबल्याच्या दृष्टीने मुकीच गेली.

दुसरी मर्यादा वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. थिएटरात 'वन्समोअर'च्या आरोळ्यांनी जे पद पुन्हापुन्हा गाइले जाई, नवे आलाप आणि नव्या ताना घेऊन वाढत जाई, ते या तीन मिनिटांत बसवावयाचे. गायकाने आलाप आखडता घेतला, ताना मोजून घेतल्या. तबलजीच्या वाट्याला तर काहीच उरले नाही. ठेका धरावा आणि तबकडी संपण्याच्या बेतात थांबावे, इतकेच काम.

तिसरी अडचण पुनर्मुद्रणाच्या काळात ध्यानात आली. या तबकड्यांना मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची म्हणून ओळखतात; परंतु आरंभीच्या मुद्रणात ही गती काटेकोर नसे. सत्तरच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरच्या गतीने वाजविली की स्वर चढतो आणि त्याचबरोबर लयही वाढते. बालगंधर्वांचा स्वर थोडा अधिक बारीक वाटला तर ऐकणारा तो गुणच समजतो. मात्र मध्यलय द्रुत होऊन बसली की ठेक्याचे सारे वजन बदलते आणि धीमेपणाने खेळविलेला शब्द घाईत म्हटल्यासारखा भासतो. यावर एक उपाय जाणकार योजतात. साथीला ऑर्गन किंवा पेटी असेल तर तिच्या पट्ट्या ठराविक स्वरांच्या असतात. वाजणारा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे कोठे तरी पडत असेल, तर तबकडीची गती चुकली असावी, असा संशय घ्यावयाचा. असा एकेका मुद्रिकेचा हिशेब केल्याशिवाय थिरकव्यांच्या लयीविषयी, किंवा कोणाच्याही लयीविषयी, ठामपणे बोलणे धाडसाचे ठरेल.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न नावाचा आहे. तबकडीच्या मध्यावरील कागदी वर्तुळावर गायकाचे नाव, पदाचे पहिले शब्द, नाटकाचे नाव, कधी राग आणि ताल छापलेले असत. साथीदारांची नावे छापण्याची रीत नव्हती. याचे दोन परिणाम झाले. पहिला सर्वांच्या लक्षात येतो: साथीदार अनामिक राहिले. दुसरा तितकासा लक्षात येत नाही. थिरकव्यांची कीर्ती जसजशी वाढली, तसतसा बालगंधर्वांच्या कोणत्याही मुद्रिकेतला तबला त्यांचाच, असा समज रूढ होऊ लागला. वस्तुतः बालगंधर्वांच्या गाण्याचा काळ मंडळीतील थिरकव्यांच्या वास्तव्याहून दीर्घ आहे. किर्लोस्कर मंडळीतही त्यांच्यासाठी कोणी तरी ठेका धरीत होता, आणि थिरकवा गेल्यानंतरही धरीत होता. अनामिकतेने त्या वादकांचे नाव हिरावले. एका थोर नावाच्या प्रभेने त्यांचे कामही हिरावले. थिरकव्यांना जे त्यांचे नाही ते दिल्याने त्यांचा गौरव वाढत नाही. ज्यांचे आहे त्यांचे मात्र ते जाते.

मंडळीचे दिवस पुढे फिरले. खर्चिक नेपथ्य, उंची वस्त्रे आणि अत्तरे यांच्या हौसेने झालेले कर्ज तिने दीर्घकाळ वाहिले. १९३१ मध्ये 'कान्होपात्रा' आले, मास्टर कृष्णरावांच्या चालींतील अभंगांनी ते गाजले. पण त्याच वर्षी 'आलम आरा' हा बोलपट मुंबईत झळकला आणि प्रेक्षकांचा ओघ वळला. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. १९३६ मध्ये थिरकवा रामपूरच्या नबाबांच्या दरबारी रुजू झाले. नाटक मंडळीने दरबारातून जे जणू उसने आणले होते, ते दरबाराकडे परत गेले. संस्थाने विलीन झाल्यानंतर लखनौच्या भातखंडे संगीत विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या स्वतंत्र वादनाच्या तबकड्या निघाल्या, आकाशवाणीने त्यांचे वादन मुद्रित केले, १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७६ च्या जानेवारीत लखनौ येथे त्यांचे निधन झाले. बालगंधर्व त्यांच्या आधी, १९६७ च्या जुलैत गेले होते.

स्वतंत्र वादनाच्या या मुद्रिकांत थिरकव्यांचे नाव ठळक आहे, डग्गाही स्पष्ट ऐकू येतो. त्या ऐकून त्यांची बोटे ओळखता येतात. परंतु नाटकातील साथीचे त्यांचे जे कसब होते, ते मुख्यतः शिष्यपरंपरेनेच महाराष्ट्रात टिकले. निखिल घोष आणि भाई गायतोंडे यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. मुनीरखाँचे भाचे अमीरहुसेनखाँ मुंबईत राहून शिकवीत. पंढरीनाथ नागेशकर आणि 'तबला' या ग्रंथाचे कर्ते अरविंद मुळगावकर त्यांचे शिष्य. मराठी तबलावादकांच्या दोन-तीन पिढ्या अशा रीतीने मुनीरखाँच्या विद्येवर पोसल्या गेल्या. जे मेणाच्या तबकडीला धरून ठेवता आले नाही, ते माणसांनी हातातून हातात दिले.

आज जुन्या तबकड्या जमविणारे आणि जपणारे रसिक संघटितपणे काम करीत आहेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या याद्या, त्यांचे क्रमांक आणि त्यांचा इतिहास यांचा अभ्यास चालविला. जुने गाणे दीर्घ ध्वनिमुद्रिकांवर, मग फितींवर, मग संगणकावर आले. आता ते कोणालाही, कोठेही ऐकता येते. अशा वेळी एक लहानसे काम करण्याजोगे आहे. पुनर्मुद्रणाच्या माहितीत गायकाच्या नावाखाली तबल्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. पुरावा असेल तेथे तीत अहमदजान थिरकवा यांचे नाव आदराने लिहावे. पुरावा नसेल तेथे ओळ गाळू नये आणि अंदाजाने भरूही नये. तेथे 'तबला : अज्ञात' असे लिहावे.

'अज्ञात' ही नोंद रिकामी नसते. त्या दिवशी, त्या खोलीत, कर्ण्यापासून काही अंतरावर एक माणूस बसला होता, त्याने तीन मिनिटे लय ढळू दिली नाही आणि तिच्या आधारावर बालगंधर्व निर्धास्तपणे गाइले, एवढे ती नोंद निश्चितपणे सांगते. पुढे कोणा अभ्यासकाला एखादे जुने पत्र, एखादी जमाखर्चाची वही सापडली, तर ते नाव भरण्यासाठी जागा तयार असेल. आणि ते कधीच सापडले नाही, तरी ऐकणाऱ्याचे लक्ष त्या ओळीमुळे गाण्याच्या खाली वाजणाऱ्या ठेक्याकडे जाईल.