पाठ दुखली तरी मन दुखू नये

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे जुने गाव आहे. तेथील जगन्नाथ टेकडी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने मिळून खणली, तेव्हा टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब सापडले आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावेही सापडली. दोन हजार वर्षांहून आधी आपल्या या भातखाचरांच्या मुलुखात लोक पदरचे द्रव्य घालून भगवान बुद्धांच्या स्मरणार्थ दगड उभे करीत होते, एवढे त्यावरून उघड झाले.

त्या जुन्या काळी बुद्धांची मूर्ती घडवीत नसत. झाड, आसन, चाक अशा खुणांनीच त्यांची आठवण दाखवीत. तेव्हा ज्यांच्यासाठी हे सारे उभारले, तो माणूस दिसायला, वागायला, बोलायला कसा होता, हे पाहायचे तर ग्रंथांकडे जावे लागते. ते ग्रंथ म्हणजे पाली त्रिपिटक. मराठी वाचकांना त्याची ओळख धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी करून दिली.

त्रिपिटकात थोर तत्त्वज्ञान आहेच. पण त्यात एक म्हातारा माणूसही आहे, आणि आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे. बुद्ध ऐंशी वर्षे जगले आणि अखेरपर्यंत पायी फिरले. त्यांची पाठ दुखे, पोटात वात धरे. हे लपवून ठेवावे असे त्यांच्या शिष्यांना वाटले नाही. त्यांनी ते जसेच्या तसे सांगून ठेवले.

पाहा, एकदा श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात संध्याकाळी ते मावळतीच्या उन्हाला पाठ देऊन शेकत बसले होते. आनंद हा त्यांचा सेवक आणि शिष्य. तो अंग चोळून देऊ लागला आणि सरळ म्हणाला की, आता कांती पूर्वीसारखी राहिली नाही, हातपाय सैल पडले, सुरकुत्या आल्या, शरीर पुढे वाकले. आपल्याकडे कोणी असे तोंडावर म्हटले तर आजोबा काठीच उगारतील! बुद्धांनी मात्र ते शांतपणे कबूल केले. तारुण्याच्या पोटातच म्हातारपण असते आणि निरोगीपणाच्या पोटात आजार, असे त्यांनी आनंदाला समजावले.

आता कबूल करणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. औषधपाण्याला त्यांनी कधी कमी लेखले नाही. आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची मोकळीक होती. राजगृहाचा नामांकित वैद्य जीवक हा भिक्षुसंघाची प्रकृती पाही. वैशालीला भिक्षू गोडधोड खाऊन जड झाले आणि आजारी पडू लागले, तेव्हा त्याने दोन उपाय सुचवले: फेऱ्या मारायला वाट आणि घाम काढायला गरम खोली. बुद्धांनी दोन्हींना संमती दिली. रोज चालत जा, असे आजचा डॉक्टर सांगतो. तो सल्ला किती जुना आहे पाहा.

याच जीवकाची एक गंमतीची हकिकत आहे. बुद्धांना रेच द्यायचा होता. एवढ्या थोर पुरुषाला जहाल औषध कसे द्यावे, या विचाराने त्याने कमळांच्या तीन जुड्यांत औषध घातले आणि त्या एकामागून एक हुंगायला दिल्या. एकेका जुडीने दहा, असे एकूण तीस रेच व्हायचे होते. वैद्यबुवा निघाले आणि दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, रेच एकोणतीसच होतील, तिसावा ऊन पाण्याने स्नान केल्यावर होईल, आणि हे सांगायचे तर राहूनच गेले! पण बुद्धांनी ते आधीच ओळखून आनंदाला पाणी तापवायला सांगितले होते. शिष्यांनी हा हिशेबसुद्धा धर्मग्रंथात जपून ठेवला. पोटाच्या तक्रारीची लाज वाटून जी मंडळी चार चार दिवस घरात सांगत नाहीत, त्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

दुसरीही बाजू आहे बरं का. पुढे एकदा पोटात वात धरला तेव्हा आनंदाने तीळ, तांदूळ आणि मूग घालून स्वतःच पेज शिजवून आणली. प्रेमानेच आणली होती. पण भिक्षूने स्वतः रांधू नये असा दंडक होता, म्हणून बुद्धांनी ती घेतली नाही. आपल्या दुखण्यासाठी त्यांनी नियम वाकवला नाही. नाहीतर आपल्याकडे एकाचा गुडघा दुखतो आणि सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते!

आणि शिंकेची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही आवडेल. उपदेश चालू असता बुद्धांना शिंक आली. लगेच सगळ्या भिक्षूंनी दीर्घायुष्य चिंतून एकच गलका केला आणि उपदेश थांबला. असे म्हटल्याने कोणी जगतो की मरतो, असे बुद्धांनी त्यांना विचारले आणि ती चाल बंद केली. पण पुढे भिक्षूंना शिंक आली की गावकरी आयुष्य चिंतीत आणि भिक्षू गप्प राहत. लोकांना वाईट वाटू लागले. तेव्हा बुद्धांनी उलट आशीर्वाद देण्याची मुभा दिली, कारण संसारी माणसांना शुभशब्दाची आवड असते. म्हणजे शिंकेचे स्तोम नको, पण माणसाचे मनही मोडायला नको.

कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. रात्री बराच वेळ उपदेश झाल्यावर बुद्ध आनंदाला म्हणाले की, पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग. मग चीवराची चौघडी घालून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. माझ्यावाचून चालायचे नाही, हा हेका त्यांनी धरला नाही. पाठ टेकली, पण काम थांबले नाही, आणि शिष्यालाही बोलण्याची संधी मिळाली. घरचा कारभार मुलाच्या हाती देताना आपल्याला किती जड जाते, ते ज्याचे त्याने आठवावे.

नकुलपिता नावाचा एक वृद्ध गृहस्थ होता. मी म्हातारा झालो, सदा आजारी असतो, मला काही सांगा, अशी त्याने विनंती केली. तुम्ही बरे व्हाल, असा पोकळ धीर बुद्धांनी त्याला दिला नाही. शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू देणार नाही, असा अभ्यास कर, एवढेच सांगितले. तो उठून सारिपुत्ताकडे गेला, तेव्हा त्याचा चेहरा इतका टवटवीत होता की सारिपुत्ताने त्याचे कारण विचारले.

ऐंशीव्या वर्षी वैशालीजवळच्या वेळुव गावी बुद्धांना मोठे दुखणे आले. त्यातून उठल्यावर त्यांनी आपल्या देहाला वाद्या आवळून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. ज्याच्या घरी बैलगाडी होती, त्याला यातली गंमतही कळेल आणि दुःखही कळेल. पुढे चुंद लोहाराच्या घरचे जेवण हे त्यांचे शेवटचे जेवण ठरले. त्यानंतर वेदना असह्य होत्या, तरी त्यांनी काळजी केली ती चुंदाची. त्याला कोणी दोष देऊ नये, असा निरोप त्यांनी ठेवला.

श्रोतेहो, म्हातारपणात आनंदी राहणे म्हणजे दुखणे हसण्यावारी नेणे नव्हे. छातीत कळ आली, दम लागला, वजन घटू लागले, तर आरोग्य केंद्र गाठलेच पाहिजे. पण उपचार सुरू केल्यावर त्याच दुखण्याचे पारायण घरच्यांना रोज ऐकवायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. तक्रार वेळेवर सांगावी, औषध नेमाने घ्यावे, जमेल तेवढे चालावे, न जमेल ते काम दुसऱ्याला द्यावे. मग थंडीच्या दिवसांत उन्हाला पाठ देऊन खुशाल शेकत बसावे, आणि नातवाने सुरकुत्या मोजायला घेतल्या तर त्याला मोजू द्याव्यात. तेवढीच त्याची उजळणी होईल!